बुडाखालचं इंजिन

माझ्याकडे मिड-इंजिन स्पोर्ट्स कार आहे असं मी म्हटलं, की माणसं आधी माझ्या चपलांकडे बघतात. मग शर्टाच्या कॉलरकडे. मग आमच्या सौ.कडे, सहानुभूतीने. बँकेतून निवृत्त झालेला, सदाशिव पेठेत वाढलेला आणि पेट्रोल पंपावर 'पाचशेचं टाका' असं सांगून मीटरवरची नजर न हलवणारा माणूस. याच्याकडे लाल रंगाची, जमिनीला पोट लावून पळणारी गाडी कुठून येणार, असा त्यांचा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. माझी गाडी लाल नाही, पांढरी आहे. तिचं पोट जमिनीला लागत नाही. उलट गतिरोधक आला की ती जमीनच सोडते. ती १९९८ सालची मारुती ओम्नी आहे.

हसून घ्या. मी थांबतो. गाडीलाही थांबायची सवय आहे.

आता मुद्द्याचं बोलू. मिड-इंजिन म्हणजे काय? इंजिनाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. संपली व्याख्या. त्यात गाडीची किंमत येत नाही, रंग येत नाही आणि मालकाच्या गळ्यात साखळी हवी की नको हेही येत नाही. इंजिन मध्ये का ठेवतात हे कळायला इंजिनिअरिंग कॉलेजात जायला नको. कावडीच्या दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी लावा आणि झटकन मागे वळून बघा. तुम्ही थांबाल, पण कावड थांबणार नाही; ती तुम्हाला घेऊन आणखी अर्धी गिरकी मारेल. आता त्याच घागरी पोटाशी कवटाळून वळा. वळलात की वळलात. शिखर शिंगणापूरला कावडी नेणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मोटारींच्या शर्यतवाल्यांना मात्र ते नीट पटायला १९५९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी कूपर नावाच्या लहानशा ब्रिटिश कारखान्याच्या गाडीत, इंजिन पाठीशी घेऊन बसलेला जॅक ब्रॅबम फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी पुन्हा झाला. त्यानंतर ज्यांची इंजिनं नाकात होती, त्यांनी ती मुकाट्याने उचलून मागे नेली. १९६६ साली लॅम्बोर्गिनीची मिउरा आली आणि शर्यतीतली ही मांडणी श्रीमंतांच्या पोर्चमध्ये जाऊन बसली. तेव्हापासून लोकांची समजूत अशी, की मिड-इंजिन म्हणजे इटली, आणि इटली म्हणजे आपलं काम नव्हे.

पण १९८४ साल नीट बघा. त्या साली टोयोटाने जपानात एमआर-टू नावाची गाडी काढली. त्यातला 'एम' मिडशिपचा. दोन माणसांची, आटोपशीर, पगारदार माणसाला झेपेल अशी; आणि जगात ज्या ज्या माणसाला फेरारी हवी होती पण घराचे हप्तेही चालू होते, तो तो आजवर तिच्या जुन्या मॉडेलांवर जीव टाकत आलेला आहे. आणि त्याच १९८४ साली मारुतीने आपली दुसरी गाडी बाजारात आणली: मारुती व्हॅन. सुझुकीच्या कॅरीवर बेतलेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटांखाली, पुढच्या चाकांच्या मागे. आणि जोर मागच्या चाकांना. १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले. साल तेच, दोघींचं माहेर जपानच, मांडणीचं गोत्र एक. एकीचे फोटो मुलांनी भिंतीवर लावले आणि दुसरीत मुलांना कोंबून शाळेत पाठवलं.

आमचा एक पुतण्या हिंजवडीला नोकरीला आहे. त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "काका, एमआर-टूचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असतं. तुमचं बुडाखाली आहे."

मी म्हटलं, "अरे, व्याख्येत पाठ आणि बूड असा भेद केलेला नाही. दोन चाकांच्या मध्ये आहे ना? मग झालं."

तो गप्प बसला. म्हणजे त्याने फोन काढला. फोनमध्ये त्याला काय सापडलं ते मी त्याला आधीच सांगू शकलो असतो. जपानी लोक या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळ्या मनाचे आहेत. तिकडे होंडाचा अ‍ॅक्टी म्हणून एक इवलासा मालवाहू ट्रक होता, शेतातल्या रस्त्यावरून कोबी वाहायला. त्याचं इंजिन हौद्याच्या खाली, मागच्या चाकांच्या पुढे. तर तिकडचे लोक त्याला 'शेतरस्त्यावरची फेरारी' म्हणतात. सुबारूच्या सांबार ट्रकचं इंजिन अगदी मागे, म्हणून ती 'शेतरस्त्यावरची पोर्शे'. थट्टा आहेच, पण थट्टेत मांडणीचा मान राखलेला आहे. याच न्यायाने बजाजने १९७७ साली मागच्या इंजिनाची रिक्षा आणली, तेव्हापासून पुण्याच्या रस्त्यांवर पोर्शे ९११ची मांडणी मीटरने मिळते. आमचे रिक्षावाले ज्या आत्मविश्वासाने हात न दाखवता वळतात, त्याचा उगम कुठे आहे हे आता तुमच्या लक्षात येईल.

आणखी एक पुरावा देतो आणि वंशावळ आवरती घेतो. १९९२ साली जपानातच ऑटोझॅम एझेड-वन नावाची चिमुकली गाडी निघाली. दारं पंखांसारखी वर उघडणारी, इंजिन पाठीशी, माणसं दोन, जेमतेम चार-पाच हजार गाड्या झाल्या आणि आता शौकीन लोक त्या शोधत फिरतात. तिच्यात इंजिन कुठलं? सुझुकीचं. ६५७ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो लावलेलं. ओम्नीच्या ७९६ सीसीच्या इंजिनाच्याच खानदानातलं. म्हणजे माझ्या सीटखाली जे धडधडतं त्याचा सख्खा चुलतभाऊ तिकडे पंखवाल्या दारांच्या गाडीत राजासारखा राहिला. माझ्या गाडीचं दार वर उघडत नाही, बाजूला सरकतं, आणि सरकताना असा आवाज करतं की हिंदी सिनेमा बघितलेला माणूस दोन पावलं मागे होतो. हिंदी सिनेमाने या गाडीची जी बदनामी केली, तिची भरपाई कुणी केलेली नाही. चाळीस वर्षं पोरं शाळेत पोचवली, पेशंट दवाखान्यात पोचवले, नवरदेवाच्या मावश्या मंगल कार्यालयात पोचवल्या. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर नायिकेला पळवणारी व्हॅन.

एवढं ऐकल्यावर समोरचा विचारतो, हौसच होती तर खरीखुरी का नाही घेतलीत? जुनी एमआर-टू मागवायची परदेशातून. कोणत्या कायद्याने मागवू? विंटेज म्हणून मिरवणाऱ्या म्हाताऱ्या सोडल्या, तर तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार आपल्या देशात आयात करता येत नाही. आणि त्या तीन वर्षांच्या आतल्या गाडीवर जी जकात बसते, ती भरणाऱ्याला जुनी गाडी घ्यायचं कारणच उरत नाही. श्रीमंताच्या हौशीला बंदराचा दरवाजा उघडा आहे, फक्त महाग आहे. काटकसरीच्या हौशीला तो बंदच आहे. या देशात हौस करायची तर ती पूर्ण किमतीत करावी, असा सरकारी संकेत दिसतो.

बरं, देशी घ्यावी म्हटलं, तर तोही प्रयत्न होऊन गेला, आणि तो आमच्या पुण्याच्या अंगणात. डीसीची अवंती. २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत तिचं दर्शन झालं, पुण्याजवळच्या कारखान्यात ती बनली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, अडीचशे अश्वशक्ती, इंजिन रीतसर पाठीमागे. भारतात बनलेली मिड-इंजिन स्पोर्ट्स कार म्हणून मला तिचा अभिमान वाटला; किंमत पस्तीस लाखांच्या घरात ऐकली आणि अभिमान लांबूनच बाळगायचं ठरवलं. फार थोड्या निघाल्या. माझ्यासारख्यांनी अभिमान बाळगला आणि गाडी घेतली नाही, हेही त्याचं एक कारण असेल.

म्हणून ओम्नी. २००५ साली मी ती पासष्ट हजारांना घेतली, तिसरा मालक म्हणून. आणि आता जे सांगणार आहे ते वादाकरता नाही, शपथेवर सांगतो: ही गाडी चालवायला मजा येते.

तुम्ही हिच्यात बसता म्हणजे पुढच्या चाकांवरच बसता. पुढे नाक नाही. काचेच्या पलीकडे थेट रस्ता. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वाटतं की आपण वळायला उशीर केला. चौथ्या दिवशी कळतं की उशीर बाकीच्या गाड्यांना होत असतो, कारण त्यांना आधी नाक वळवावं लागतं. सदाशिव पेठेतल्या ज्या बोळात नव्या गाड्यांचे आरसे मिटवून घ्यावे लागतात, त्या बोळात ही एका हातात वळते. वजन आठशे किलोच्या आतबाहेर, चाकं बारा इंची, गिअर चार. अश्वशक्ती पस्तीस-सदतीस. यातले दोन-तीन घोडे आता पेन्शनवर गेले असतील, मीही गेलो आहे.

एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचला जुन्या कात्रज घाटात या. बोगद्याकडे चढताना दुसरा गिअर, इंजिन बुडाखाली गाऊ लागलेलं, पाय पार तळाला टेकलेला, एकूण एक घोडा कामाला जुंपलेला. आणि काटा बघावा तर पस्तीस. पस्तीस! कायद्याने खुशाल जावं. पोलीस बाजूला उभा असता तर त्याने ढकलायला हात लावला असता. पण वळणाआधी गिअर कधी टाकायचा, वेग कुठे राखायचा, एकदा गेलेला वेग पुन्हा मिळणार नाही म्हणून ब्रेक किती जपून लावायचा, हे सगळं डोकं लावून करावं लागतं. खेळ म्हणतात तो याला. पुतण्याच्या गाडीला टर्बो आहे, गिअर आपोआप पडतात, वळणावर ती स्वतःच स्वतःला सावरते. त्याच घाटात तो गाणी ऐकत, कॉफी पीत वर येतो. त्याच्या गाडीच्या अंगातला पाचवा हिस्सा जोरसुद्धा त्या घाटात लागत नाही. पैसे मात्र त्याने पाचही हिश्श्यांचे भरलेले आहेत. हप्त्याने.

त्रास नाही असं मी म्हणत नाही. एप्रिलमध्ये सीटखालचं इंजिन काय असतं हे पुणेकराला सांगायला नको. दोन वाजता लक्ष्मी रोडवर अडकलात तर माणूस बसल्या जागी भाजून निघतो. ऑइल बघायचं तर सीट उचलावी लागते, आणि सीट उचलायची तर सीटवरच्यांना उठवावं लागतं. एकदा एका लग्नाला जाताना मी आत्याबाईंना म्हटलं, "आत्या, जरा उठता का? इंजिन बघायचंय." त्या आजतागायत माझ्याशी नीट बोलत नाहीत. पावसात रिकामी गाडी मागून अंग चोरते, म्हणून जून ते सप्टेंबर मी मागे तांदळाचं पोतं ठेवतो. सौ.चं म्हणणं, घरात तांदूळ नसतात आणि गाडीत असतात. पण बाकी सगळं स्वस्त. कार्ब्युरेटर बिघडला तर उघडायचा, पुसायचा, लावायचा. सुटे भाग नाना पेठेत मिळतात, आणि देणारा माणूस भाग देताना 'अजून चालवताय?' असं विचारतो त्यात टोमणा नसतो, आपुलकी असते.

आता ज्या गोष्टीकरता हा लेख लिहायला बसलो ती. पुण्यात 'स्पोर्ट्स कार' हा शब्द मी अलीकडे जपून उच्चारतो. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरात एका पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. गाडी एक सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांनी सांगितलं. यावर विनोद करता येत नाही आणि मी करत नाही. पण नंतर परिवहन खात्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. कोटीच्या पुढची ती गाडी. तिची कायमची नोंदणी रखडली होती ती १,७५८ रुपये फी भरली नाही म्हणून. एक हजार सातशे अठ्ठावन्न. आणि तरी ती रस्त्यावर होती.

माझ्या गाडीची फी मी भरली आहे. १९९८ची गाडी म्हणजे २०१३ला पंधरा वर्षं झाली, मग दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं. पूर्वी त्याला सहाशे रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नियम आला: वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. कशाबद्दल? तर वयाबद्दल. गाडीने धूर सोडला म्हणून नाही. धुराची तपासणी होते, तिचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. ब्रेक लागत नाहीत म्हणून नाही. नूतनीकरणाच्या वेळी तीही तपासणी होते. तपासणीत पास झालात तरी दंड आहेच, कारण तुम्ही अजून आहात. हा न्याय माणसांना लावला, तर पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्याचा सत्कार करण्याऐवजी त्याच्याकडून पावती फाडावी लागेल.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी याच मताचे. "जुन्या गाड्या प्रदूषण करतात हो," म्हणाले, "देशासाठी स्क्रॅप करून टाका." हे गृहस्थ दर चार वर्षांनी गाडी बदलतात, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा एक वीत मोठी घेतात. सध्याचीत बसायला पायरी लागते, आणि ती पार्किंगमध्ये माझ्या जागेत एक फूट येते. त्यांच्या आधीच्या चार गाड्या बनवायला लागलेलं पोलाद, रंग, काच, वीज हे कुणाच्या खाती मांडायचं? मी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवतो. सत्तावीस वर्षांत एक गाडी जिरवली, तीही पुरती जिरलेली नाही. आमच्या आजीने एक पितळी तपेली तीन पिढ्या कल्हई करून वापरली, तिला कुणी देशद्रोही म्हटलं नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. या गाडीत पुढे नाक नाही, म्हणजे धडक बसली तर मध्ये माझे गुडघे आहेत. अपघाताच्या चाचण्यांचे नवे नियम आले तेव्हा २०१९ साली ओम्नी बंद झाली, आणि ती बंद झाली हे बरोबरच झालं. म्हणून मी तिला एक्स्प्रेस-वेवर नेत नाही, नातवाला तिच्यात पुढे बसवत नाही आणि पन्नासच्या वर काटा जाऊ देत नाही. तशी त्याला इच्छाही नसते. पण सेक्रेटरीसाहेब, माझ्या गाडीचा धोका मुख्यतः माझ्या गुडघ्यांना आहे. तुमच्या दोन टनांच्या गाडीचा धोका समोरच्याला आहे. यातल्या कुठल्या धोक्याला कर लावायचा हे ज्याने त्याने आपापल्या गुडघ्यांवर हात ठेवून सांगावं.

तेव्हा सरकारला माझी सूचना अशी, की फी गाडीच्या वयावर लावू नका, घोड्यांवर लावा. दर पाच वर्षांनी, शंभर रुपये घोडा. माझे सदतीस घोडे, तीन हजार सातशे. आत्ता देतो, पेन्शनवर गेलेल्यांची सूटसुद्धा मागत नाही. अवंतीवाल्याने पंचवीस हजार द्यावेत, त्याला जड नाहीत. पाचशे घोडे बाळगणाऱ्याने पन्नास हजार द्यावेत आणि ते भरल्याची पावती काचेवर चिकटवल्याशिवाय गाडी गेटाबाहेर काढू नये. ज्याला शहरात तीसच्या वेगाने जायचं आहे त्याने पाचशे घोडे खुशाल पाळावेत, पण चंदी सरकारदरबारी भरावी. या योजनेचं टिपण मी तयार केलं आहे. पुतण्याने ते वाचून 'इंटरेस्टिंग आहे काका' म्हटलं आणि स्वतःच्या गाडीचे घोडे फोनवर शोधून पाहिले, तेव्हापासून तो योजनेच्या विरोधात आहे.

सौ.चा पाठिंबा आहे, पण अटीवर. तिच्या स्कूटरला आठ घोडे आहेत. त्यांचे आठशे माझ्या पेन्शनमधून जावेत, आणि तांदळाचं पोतं घरात यावं.